गोथेनबर्ग की डेट्रॉइट? दोन ऑफर, एक घर

मोरवाडी_सिग्नल

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

मी चिंचवडला वाहनांच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, वय ३४. नवरा अकाउंट्समध्ये, मुलगी चार वर्षांची. सध्याची कंपनी मला डेट्रॉइटजवळच्या ऑफिसात पाठवायला तयार आहे. एल-१बी व्हिसा (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा), वर्षाला १ लाख ५ हजार डॉलर. तेवढ्यात स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एका कंपनीची ऑफर आली, महिना ५२ हजार क्रोनर. डॉलरमध्ये धरलं तर हा पगार अमेरिकेच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी भरतो, म्हणजे कागदावर प्रश्नच मिटला. पण मिटत नाहीये.

सासरे चिंचवडच्या एसकेएफमधून निवृत्त झाले. त्यांचं मत अर्थातच गोथेनबर्ग, कारण कंपनीचं मुख्यालय तिथलं आणि त्या काळचे स्वीडिश साहेब कँटीनमध्ये कामगारांच्याच टेबलावर जेवायचे, हे त्यांनी आम्हाला किमान शंभरदा ऐकवलंय. न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा मामेभाऊ म्हणतो, स्वीडनला लोक निवृत्त व्हायला जातात, कमवायला नाही.

"जिथे मन रमेल तिथे जा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. आकडे आणि अनुभव हवेत.

टर्बो_तुका

खुर्ची टाकली आहे. भडंग घेऊन बसलोय.

बिनसाखरेचा

यात विचारायचं काय? स्वीडनमध्ये निम्मा पगार सरकार खातं आणि त्यावर फुकट्यांना पोसतं. समाजवाद आहे तिथे. अमेरिकेत मेहनत कराल तेवढं मिळेल. तुमच्या मामेभावाचं ऐका.

हिसिंगेनकर

ताई, मी गोथेनबर्गलाच राहतो, बऱ्याच वर्षांपासून, आणि क्षेत्रही तुमचंच. आधी तो "निम्मा पगार" काढून टाकू.

५२ हजारांवर हातात साधारण ३९ हजार पडतात. म्हणजे पाव गेला, अर्धा नाही. नगरपालिका आणि प्रांताचा मिळून कर ३२ टक्क्यांच्या आसपास आहे, पण नोकरदाराला त्यातून बरीच सूट मिळते. केंद्र सरकारचा वेगळा २० टक्के कर आहे, तो वर्षाला सहा लाख क्रोनरच्या थोडं वर गेलात की लागतो. तुम्ही बरोबर त्या उंबरठ्यावर आहात. खरी गोम इथे आहे. आजचा पगार ठीक वाटेल, पण यापुढच्या प्रत्येक वाढीतला निम्म्याहून जास्त भाग जाणार. माझी मागची बढती झाली तेव्हा जबाबदारी दुप्पट वाढली आणि हातात आले त्यात आम्ही चौघे एकदा बाहेर जेवलो. म्हणून इथले अनेक चांगले इंजिनिअर मॅनेजर व्हायला नाखूश असतात, आणि त्यांना कोणी आळशीही म्हणत नाही.

शिवाय तुमच्या पगारावर कंपनी सरकारला ३१.४२ टक्के वेगळे भरते, ते तुम्हाला स्लिपवर जाणवत नाहीत. आणि दुकानात गेलात की बहुतेक वस्तूंवर २५ टक्के व्हॅट. "कर कमीच आहे" असा माझा दावा नाही. कर भरपूर आहे. फक्त तो कुठे कापला जातो ते बघा.

आता परत काय मिळतं. मुलीची बालवाडी: फीला देशभर कमाल मर्यादा आहे, एका मुलामागे महिना सोळाशे-सतराशे क्रोनर, आणि तीन वर्षांपुढच्या मुलांना काही तास मोफत म्हणून त्याहूनही कमी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, जेवणासकट. पुढे शाळा फुकट, शाळेतलं जेवणही फुकट. मूल आजारी पडलं तर घरी राहायचं, पगाराचे साधारण ८० टक्के विमा खातं देतं. फेब्रुवारीत अर्धं ऑफिस त्याच कारणाने घरी असतं आणि मीटिंगा आपोआप पुढे जातात. कायद्याने वर्षाला २५ दिवस रजा. जुलैमध्ये इथे पुरवठादाराला फोन लावून बघा, कोणी उचलत नाही.

घराचं मात्र वाईट आहे. त्यावर वेगळं लिहितो.

मोरवाडी_सिग्नल

लिहाच. आणि दादा, "अहो ताई" नका म्हणू, अगं चालेल.

नोव्हायकर

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या वायव्येला नोव्हाय गावात. इथे इतके भारतीय वाहन-इंजिनिअर आहेत की रविवारी किराणा दुकानात पिंपरीतले जुने सहकारी भेटतात. तर दुसरी बाजू.

१ लाख ५ हजार डॉलरवर, नवरा-बायको एकत्र विवरण भरताय असं धरून, संघराज्याचा कर, सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीचा आरोग्य विमा) ७.६५ टक्के आणि मिशिगनचा ४.२५ टक्के वजा जाता महिन्याला सात हजारांच्या आसपास उरतात. मुलीला सोशल सिक्युरिटी नंबर मिळणार नाही, त्यामुळे मुलामागे मिळणारी मोठी करसवलतही नाही, फक्त ५०० डॉलरची छोटी. ही गोष्ट एचआर सांगत नाही.

त्यातून आरोग्य विमा. नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता २०२४ मध्ये वर्षाला २५ हजार डॉलरच्या वर होता, त्यातले सहा हजारांच्या वर कर्मचाऱ्याच्या पगारातून. हप्ता भरला म्हणजे झालं असं नाही, वर डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी खिशातून भरायची रक्कम) आहेच. पूर्ण वेळ पाळणाघर महिना हजार-पंधराशे डॉलर. दोन गाड्या लागतात, आणि मिशिगनमध्ये गाडीचा विमा इतका महाग की ज्या शहराने जगाला गाडी दिली तिथेच ती चालवणं परवडत नाही, असं आम्ही गमतीने म्हणतो.

हे सगळं वजा करूनही मी सांगतो, इथे शिल्लक जास्त राहते. घर मोठं, तळघरात मुलांना धुडगूस घालायला जागा, अंगणात तुळस (सहा महिने आत, सहा महिने बाहेर). आणि नवऱ्याचा मुद्दा: एल-१ च्या जोडीदाराला इथे काम करायला वेगळी परवानगी काढावी लागत नाही, २०२१ च्या शेवटापासून ती व्हिसाबरोबरच येते. इंग्रजीत अकाउंट्सचं काम त्याला मिळेल. स्वीडनमध्येही कामाचा परवाना मिळेल, पण स्वीडिश न येता अकाउंट्समध्ये कोण घेणार?

हिसिंगेनकर

हे नोव्हायकरांचं शंभर टक्के खरं. इंजिनिअरला इंग्रजीवर निभावतं, हिशेबनिसाला नाही. सरकारी स्वीडिश वर्ग फुकट आहेत. माझ्या ओळखीतल्या अशा जोडीदारांची दोन-तीन वर्षं त्यात गेली. त्या काळात घर एका पगारावर. हा खर्च कुठल्याच तक्त्यात येत नाही.

घर: भाड्याची घरं रांगेतून मिळतात. गोथेनबर्गला बोप्लाट्स म्हणून यादी आहे, चांगल्या भागात बरीच वर्षं लागतात. स्टॉकहोमला सरासरीच नऊ-दहा वर्षांची आहे. भाडं नियंत्रित असल्याने ज्याच्याकडे करार आहे तो सोडत नाही, आणि नव्या माणसाने दुसऱ्याच्या करारावर पोटभाडेकरू म्हणून जादा पैसे मोजायचे. समतेचा एवढा डंका, पण बाहेरून आलेल्याला पहिला धक्का इथेच बसतो. आधी आलेल्यांची चांदी.

विकत घ्यायचं तर कर्जाचा व्याजदर बहुतेकांचा बदलता किंवा थोड्या वर्षांपुरताच स्थिर. २०२२ च्या सुरुवातीला मध्यवर्ती बँकेचा दर शून्य होता, २०२३ च्या सप्टेंबरात ४ टक्के. आमचा हप्ता कुठून कुठे गेला ते विचारू नका.

नोव्हायकर

आणि इथे ज्यांनी २०२१ मध्ये तीस वर्षांसाठी तीन टक्क्यांच्या आसपास दर बांधून घेतला, त्यांना महागाईचा पत्ताही लागला नाही. मी त्यातला. सामान्य मध्यमवर्गीयाला तीस वर्षं स्थिर व्याज देणारी बाजारपेठ जगात फार थोड्या देशांत आहे, आणि ती उभी आहे फॅनी मे, फ्रेडी मॅक या सरकारी आधाराच्या संस्थांवर. बिनसाखरेचा यांनी नोंद घ्यावी.

दोन्हीकडची

मी सात-आठ वर्षं स्टॉकहोमला काढून आता ऑस्टिन, टेक्ससला आहे. एक मूल तिकडचं, एक इकडचं. त्यामुळे माझ्यावर दोन्ही बाजूंचे लोक रागावतात.

पहिल्या बाळाच्या वेळी ४८० दिवसांची पालकत्वाची रजा आम्ही दोघांत वाटून घेतली. त्यातले ९०-९० दिवस एकाने दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणून नवऱ्याला घ्यावीच लागली. सासूबाईंना फोनवर हे पटवता पटवता नाकी नऊ आले ("त्याला काढून टाकलं का गं?"). बाळंतपणाचं बिल हॉस्पिटलच्या खाटेच्या दिवसांचं तेवढं, अगदी किरकोळ. दुसऱ्या वेळी टेक्ससमध्ये उत्तम विमा असूनही महिनोन् महिने पाकिटं येत राहिली: भूल देणाऱ्याचं वेगळं, लॅबचं वेगळं, बाळाचं त्याच्या नावाने वेगळं. कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, १९९३ च्या कायद्यातली, तीही पन्नासाहून कमी माणसं असलेल्या कंपनीला लागू नाही. माझ्या कंपनीने काही आठवडे पगारी दिले, ती कंपनीची मर्जी.

पण आता हेही ऐका. स्टॉकहोमला मला गुडघ्याच्या दुखण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टर मिळायला जो वेळ लागला त्यात मी लंगडायला शिकले. तिकडे ९० दिवसांत तज्ज्ञ भेटण्याची हमी आहे, ती कागदावर. ऑस्टिनला आठवड्यात भेट मिळाली. पैसे मोजले, पण मिळाली.

आणि काम. स्टॉकहोमला मला सगळे चांगलं वागवायचे आणि कोणी पुढे ढकलायचं नाही. इकडे आल्यावर दोन वर्षांत टीम मिळाली, चार वर्षांत पगार दुप्पट. माझ्या बॉसला माझं नाव अजून नीट उच्चारता येत नाही, पण बढतीच्या कागदावर त्याने ते बरोबर लिहिलं. तिकडे नाव उत्तम उच्चारायचे.

टर्बो_तुका

शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून लावण्यासारखी.

बिनसाखरेचा

बघा! मी हेच सांगत होतो. समाजवादात माणूस वर येत नाही.

तासगावचे_मास्तर

बिनसाखरेचा, बाळा, जरा बस.

मी आयुष्यभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. स्वीडनला पाऊल ठेवलेलं नाही, अमेरिकेत मुलीकडे जाऊन येतो. पण हा तुलनेचा विषय माझ्या आवडीचा, म्हणून लांबण लावतो.

स्वीडनमध्ये वारसा कर नाही. २००४ च्या शेवटी रद्द झाला, तोही डाव्या सोशल डेमोक्रॅट सरकारने. संपत्ती कर २००७ मध्ये गेला. अमेरिकेत मोठ्या वारशावर आजही ४० टक्क्यांपर्यंत कर आहे, भले सूट प्रचंड असेल. दरडोई मोजले तर स्वीडनमधले अब्जाधीश अमेरिकेच्या तोडीचे निघतात. वॉलेनबर्ग घराण्याची बँक १८५६ ची, आणि त्यांचा शब्द आजही एरिक्सन, ॲटलास कॉप्को, एसकेएफ अशा कंपन्यांत चालतो. (यातल्या ॲटलास कॉप्कोचे फाटक दापोडीला पुणेकरांनी रोज पाहिलेले आहे.) तेव्हा तिथे जड कर आहे तो मजुरीवर आणि खरेदीवर, मालकीवर नव्हे. पगारातून श्रीमंत होणे कठीण, श्रीमंत असणे मात्र सोपे. याला समाजवाद म्हणायचे असेल तर म्हणा.

पूर्वी असे नव्हते. १९७६ मध्ये लेखिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या लक्षात आले की आपल्या मिळकतीच्या वरच्या टप्प्यावर १०२ टक्के कर बसतो आहे. त्यांनी वर्तमानपत्रात उपरोधिक गोष्ट लिहिली, देशभर हशा पिकला, आणि त्या सप्टेंबरात सोशल डेमोक्रॅट पक्षाची ४४ वर्षांची सत्ता गेली. आयकिया या फर्निचर कंपनीचे संस्थापक काम्प्राड आधीच देश सोडून गेले होते. पुढे १९९२ च्या सप्टेंबरात चलन वाचवण्यासाठी मध्यवर्ती बँकेने व्याजदर ५०० टक्क्यांवर नेला, तरी क्रोनर वाचला नाही. आजचा स्वीडन त्या पडझडीनंतर पुन्हा बांधलेला आहे: पेन्शन बदलली, अंदाजपत्रकाला शिस्त लावली, खासगी शाळांना सरकारी पैसा दिला. साठ-सत्तरच्या दशकातले चित्र डोळ्यांपुढे ठेवून वाद घालणाऱ्यांना (दोन्ही बाजूंच्या) हे ठाऊक नसते.

आता "वर येण्या"बद्दल. बापाच्या कमाईचा मुलाच्या कमाईवर किती प्रभाव राहतो, हे अर्थतज्ज्ञ मोजतात. अमेरिकेत तो जवळपास निम्मा निघतो, स्वीडनमध्ये पाव किंवा थोडा जास्त. म्हणजे गरिबाघरचे पोर वर येण्याची शक्यता स्वीडनमध्ये अधिक. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी दाखवले की अमेरिकेत १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी ९० टक्के आईबापांपेक्षा जास्त कमावते झाले, १९८० च्या आसपास जन्मलेल्यांपैकी निम्मेच. आणि अमेरिका एक नाहीच: तळाच्या पाचव्या हिश्शातले मूल वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला १२.९ टक्के, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला ४.४.

पण दोन्हीकडची ताई म्हणते तेही चूक नाही. ती तळातून निघालेली नाही. शिकून-सवरून, हातात कौशल्य घेऊन मध्यापासून चढायला निघालेल्याला अमेरिकेचा जिना उंच आहे. तळाच्या माणसाला तो जिना सापडतच नाही. मोरवाडी, तू कुठल्या पायरीवरून निघते आहेस हे तुला माहीत आहे. तुझी मुलगी कुठून निघेल ते मात्र तुझ्या आजच्या निवडीवर ठरेल.

वाखारी_बारामती

दंडवत मास्तर. वाचनखूण साठवली.

बिनसाखरेचा

मास्तर, आदर आहे, पण २००४ मध्ये स्वीडनच्याच टिंब्रो संस्थेने दाखवलं होतं की स्वीडन अमेरिकेचं राज्य असता तर गरीब राज्यांत मोडला असता. दरडोई उत्पन्नात आजही अमेरिका कितीतरी पुढे आहे. २०२४ मध्ये ८५ हजार डॉलर विरुद्ध ५७-५८ हजार.

तासगावचे_मास्तर

बरोबर आहे, आणि टिंब्रो ही बाजारवादी विचारांची संस्था असली म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पण त्या आकड्याला एक खिडकी आहे. अमेरिकन कामगार वर्षाला साधारण १,८०० तास काम करतो, स्वीडिश साधारण १,४४०. पंचमांश वेळ त्यांनी पैशाऐवजी सुटी म्हणून घेतला. आणि अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७ टक्के आरोग्यावर खर्च करते, स्वीडन ११ च्या आसपास. तरी स्वीडिश माणूस चार-पाच वर्षं जास्त जगतो. तो जादा खर्चही "दरडोई उत्पन्ना"त जमा धरलेला असतो.

एवढे सगळे वजा करूनही अमेरिका पुढे राहते, हे मी मान्य करतो. माझा जावई तिथे जे घर घेऊन बसला आहे ते स्टॉकहोममध्ये त्याला सात जन्मांत मिळाले नसते.

अवांतर: एकेकाळी हा प्रश्न स्वीडिशांनाच पडला होता. १८६७ ते १८६९ च्या दुष्काळानंतर लोंढे निघाले. अमेरिकेने १८६२ पासून होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन देऊ केली होती, आणि दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांडच्या खडकाळ रानातल्या कुळाला ते स्वप्नच होते. १९२० च्या दशकापर्यंत बारा-तेरा लाख माणसे गेली, देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या घरात असताना. मिनेसोटा त्यांनी भरून टाकला. तेव्हा स्वीडिश संसदेने काय केले? १९०७ मध्ये चौकशी नेमली: आपली माणसे का जातात? गुस्ताव सुंडबेर्ग या संख्याशास्त्रज्ञाने गेलेल्यांकडून पत्रे मागवली, त्यांनी लिहिलेल्या तक्रारी छापल्या. जमीन नाही, मताचा हक्क नाही, साहेबापुढे टोपी काढावी लागते. पुढच्या पिढीने त्यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त केल्या. आपल्याकडे कोणी अशी चौकशी नेमल्याचे ऐकिवात नाही.

नोव्हायकर

मास्तर, शेवटच्या ओळीवर स्वतंत्र धागा काढा.

मोरवाडी, आता खरा मुद्दा, ज्यावर कोणी बोललं नाही. पगार, कर, डॉक्टर सगळं बाजूला ठेव. तुझा एल-१बी पाच वर्षांचा. तो त्या कंपनीलाच बांधलेला, नोकरी बदलता येत नाही. पुढे राहायचं तर ग्रीन कार्ड किंवा एच-१बी. एच-१बी लॉटरीत वर्षाला ८५ हजार जागा. ग्रीन कार्डला १९९० च्या कायद्याने एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, आणि भारतीयांची रांग इतकी तुंबली आहे की ज्यांनी २०१३ च्या आसपास नाव घातलं त्यांचा नंबर आत्ता कुठे येतोय. तू आज नाव घातलंस तर किती, हे मी लिहीत नाही. एच-१बी वर असशील आणि तुझा ग्रीन कार्डचा प्राथमिक अर्ज मंजूर झाला असेल तर मुदतवाढ मिळत राहते. एल-१ ला ती सोय नाही. आणि मुलगी २१ ची झाली की तुझ्या अर्जातून बाहेर. आज ती चार वर्षांची आहे, म्हणून हसू नकोस. माझ्या शेजाऱ्यांची मुलगी परवा परदेशी विद्यार्थिनी म्हणून कॉलेजला गेली, जिथे ती बालवाडीपासून वाढली त्याच गावात.

नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस. मी ते एकदा काढलेत. त्या काळात घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

मला अमेरिका आवडते. मुलांच्या शाळेतली विज्ञान प्रदर्शनं, मराठी मंडळाचा गणपती, कोणालाही न विचारता धंदा सुरू करण्याची मुभा. पण माझ्या बरोबरीचा अमेरिकन सहकारी नोकरी आवडली नाही तर सोडतो. मी बारा वर्षं सोडू शकलो नाही. मास्तर म्हणतात तो जिना आहेच, फक्त आमच्या पायाला दोरी आहे.

हिसिंगेनकर

इथे चार वर्षं कामाच्या परवान्यावर काढलीस की कायम वास्तव्याला अर्ज करता येतो. नागरिकत्वाचे नियम मात्र सरकार कडक करत चाललंय. आजचे नियम उद्या असतील असं गृहीत धरू नकोस. पण रांग देशाच्या नावाने नाही. भारतीय म्हणून वेगळी शिक्षा नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मला सरकारी जाहिरात समजाल. नोकरी गेली तर परवानाधारकाला दुसरी शोधायला तीन महिने. २०२५ च्या मार्चमध्ये नॉर्थव्होल्ट ही बॅटरी कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा उत्तरेत शेलेफ्तिओला जगभरातून आलेले अनेक लोक एकाच वेळी तेच तीन महिने मोजत होते, त्यात आपली मुलंही होती. त्याच वर्षी मे महिन्यात व्होल्वो कार्सने तीन हजार पदं कमी करणार असं जाहीर केलं. बेरोजगारी इथे आठ-नऊ टक्के, अमेरिकेच्या दुप्पट, आणि परदेशात जन्मलेल्यांत तर खूपच जास्त. "स्वीडन म्हणजे सुरक्षित" हे आत असलेल्यांसाठी.

मोरवाडी_सिग्नल

हे वाचून पोटात गोळा आला. म्हणजे नॉर्थव्होल्टसारखं झालं तर युनियन वगैरे काही करत नाही?

हिसिंगेनकर

नोटिशीचा काळ कायद्याने एक ते सहा महिने, नोकरी किती वर्षांची त्यावर. कंपनीच बुडाली तर सरकारी हमीतून थकलेला पगार काही मर्यादेपर्यंत मिळतो. युनियन मोठी गोष्ट आहे. इथे किमान वेतनाचा कायदाच नाही, ऐकून धक्का बसेल. युनियन आणि मालक आपसात करार करतात, जवळजवळ ९० टक्के कामगार त्यात येतात. टेस्लाने तो करार करायला नकार दिला म्हणून तिच्या मेकॅनिकांनी २०२३ च्या ऑक्टोबरात संप सुरू केला. बंदरातल्या लोकांनी टेस्लाच्या गाड्या उतरवणं बंद केलं, पोस्टाने नंबरप्लेट पोचवणं बंद केलं. काही डझन मेकॅनिकांसाठी.

नोव्हायकर

गंमत म्हणजे त्याच शरद ऋतूत आमच्याकडे डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप होता. साडेचार वर्षांत २५ टक्के वाढ मिळवली त्यांनी. पण ती वाढ युनियनवाल्यांची. अमेरिकेत दहापैकी एकच कामगार युनियनमध्ये. संघराज्याचं किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलंय. मिशिगनचं स्वतःचं जास्त आहे, मिसिसिपीला स्वतःचं नाहीच.

दोन्हीकडची

स्टॉकहोमला आमच्या मजल्यावर एक बस ड्रायव्हर राहायचा. उन्हाळ्यात तोही महिनाभर आर्किपेलागोत, शहराबाहेरच्या बेटांत, होडी घेऊन जायचा आणि माझा डायरेक्टरही. होड्या वेगळ्या होत्या, बेट तेच. ऑस्टिनला माझ्या इमारतीतली सफाईवाली कुठे राहते मला माहीत नाही. मला हे इथे टोचतं. पण मी परत गेले नाही, हेही खरं.

सीए_सदाशिव

एक कोरडा मुद्दा, कोणी लिहिला नाही म्हणून. भारत आणि स्वीडनमध्ये सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१४ पासून लागू. दोन्हीकडची वर्षं जोडली जातात, पेन्शन भारतात घेता येते. तिथे पगाराचे १८.५ टक्के पेन्शनखाती जमा होतात, पहिल्या महिन्यापासून तुमच्या नावावर. अमेरिकेशी असा करार अजून झालेला नाही. तिथे साधारण दहा वर्षं भरल्याशिवाय सोशल सिक्युरिटीचा दमडा मिळत नाही. एल-१ ची पाच वर्षं पूर्ण करून परत आलात तर पगाराचे ६.२ टक्के आणि कंपनीचे तेवढेच, गंगार्पण. आयटीवाले यावर वीस वर्षं ओरडतायत.

मोरवाडी_सिग्नल

सदाशिवकाका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आभार.

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. तो म्हणतो, अमेरिकेत मी लगेच कमवेन पण पाच वर्षांनी आपण कुठे असू कोणी सांगत नाही. स्वीडनला दोन वर्षं मी घरी बसेन पण पुढचं दिसतंय. मी गोथेनबर्गला नवऱ्याचा पगार तीन वर्षं शून्य धरून आणि डेट्रॉइटला पाच वर्षांनी परत यायचं असं धरून शीट केली. शिल्लक डेट्रॉइटचीच जास्त येते, बऱ्यापैकी. पण पाच वर्षांनी मुलगी नऊची होऊन चिंचवडला मराठी पाचवीत बसणार, हे कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना.

एक शेवटचं. आईबाबा. बाबांची बायपास झाली आहे.

नोव्हायकर

इकडे पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. पण विमा प्रवाशांचा, जुना आजार त्यात धरत नाहीत. हृदयाचं काही झालं तर दवाखान्याचा आकडा तुमच्या घराइतका होऊ शकतो. नागरिक झालं की आईवडिलांना ग्रीन कार्ड देता येतं, पण वर लिहिलेली रांग आठव.

हिसिंगेनकर

इकडे एकावेळी ९० दिवस. त्याहून जास्त हवं तर भेटीचा वेगळा परवाना, मिळेलच असं नाही. आणि कायमचं आणणं जवळजवळ अशक्य, नागरिक झालीस तरी. या एका बाबतीत अमेरिका उजवी. माझी आई इथे तीन महिने राहते, डिसेंबर सोडून. दुपारी साडेतीनच्या आतच दिवस मावळतो ते तिला सहन होत नाही, "दिवे लावायची वेळ आणि चहाची वेळ एक झाली" म्हणते.

आणि आलीस तर पहिल्या आठवड्यात दोन कामं: बोप्लाट्सच्या रांगेत नाव घाल, आणि बेकारी विम्याच्या फंडाची सभासद हो. तो आपोआप मिळत नाही, ऐच्छिक आहे, आणि बारा महिने सभासद असल्याशिवाय पूर्ण फायदा नाही. सुरुवातीला पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत देतात, पण वर मर्यादा आहे, तुझ्या पगाराला ती लागेल. वरच्या फरकासाठी इंजिनिअरांच्या युनियनचा वेगळा विमा असतो. नवीन आलेले सगळे हे पुढे ढकलतात.

मोरवाडी_सिग्नल

लिहून घेतलं. डेट्रॉइटवाल्यांनी उत्तराला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली आहे. उद्या एचआरला एकच प्रश्न विचारणार आहे: ग्रीन कार्डचा अर्ज पहिल्या वर्षी घालणार का, लेखी द्या.

नोव्हायकर

लेखी देणार नाहीत. तरी विचार.

टर्बो_तुका

भडंग संपलं. सासऱ्यांना शीट दाखवली का?